युद्धाचे नामकरण : अमेरिकन राज्यघटनेतील एका क्रियापदाची चिकित्सा

१

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या कलमाने युद्ध ‘डिक्लेअर’ करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे त्या देशाच्या विधिमंडळाला, दिला आहे. आणि दुसऱ्या अनुच्छेदाने राष्ट्राध्यक्षास सरसेनापतिपद दिले आहे. ह्या दोन विधानांमधील मोकळ्या जागेत सव्वादोनशेहून अधिक वर्षे एक वाद चालत आला आहे. देशाला युद्धात नेण्याचा अधिकार कोणाचा, हा तो वाद होय. इतिहासकार, घटनापंडित आणि मुत्सद्दी ह्यांनी त्यावर विपुल लिहिले आहे. त्या लेखनाचा मोठा भाग अखेर एका क्रियापदाच्या अर्थापाशी येऊन थांबतो. तथापि क्रियापदांचा विचार ज्या शास्त्राचा विषय आहे, त्या शास्त्राच्या दृष्टीने ह्या वादाची तपासणी बहुधा ओझरतीच होते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन ती तपासणी करणे हे आहे.

मराठी वाचकास ही अडचण भाषांतराच्या पहिल्या पावलावरच भेटते. मराठीत युद्ध ‘पुकारले’ जाते, ‘छेडले’ जाते आणि ‘केले’ही जाते. ‘पुकारणे’ ह्यात उच्चार प्रधान आहे; ‘छेडणे’ ह्यात आरंभाची कृती आहे; ‘करणे’ ह्यात आरंभ आणि निर्वाह दोन्ही येतात. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत पंधरावी नोंद ‘युद्ध व शांतता’ अशी केवळ दोन नामांची आहे. तेथे क्रियापद नाही, म्हणून त्याच्या अर्थावरून भांडणही नाही. अमेरिकन घटनाकारांनी क्रियापद योजले, आणि ते योजताना त्यांनी एकदा ते बदललेही. वादाचे मूळ त्या बदलात आहे.

२

फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेपुढे ६ ऑगस्ट १७८७ रोजी जो मसुदा आला, त्यात विधिमंडळास युद्ध ‘मेक’ करण्याचा अधिकार होता. १७ ऑगस्ट रोजी त्यावर चर्चा झाली. मॅडिसन आणि गेरी ह्यांनी ‘मेक’ काढून ‘डिक्लेअर’ घालण्याची सूचना मांडली. अकस्मात होणारे हल्ले परतविण्याची मोकळीक कार्यकारी सत्तेस राहावी, हा त्यांचा हेतू मॅडिसनच्या टिपणांत नमूद आहे. साउथ कॅरोलायनाचे बटलर ह्यांनी हा अधिकार राष्ट्राध्यक्षासच द्यावा असे सुचविले होते. प्रजासत्ताकात अशी सूचना ऐकावी लागेल अशी आपली कल्पना नव्हती, असा गेरी ह्यांचा त्यावर अभिप्राय पडला. शर्मन ह्यांना ‘मेक’ हाच शब्द बरा वाटत होता. ‘डिक्लेअर’ने विधिमंडळाचा अधिकार फार आकुंचित होईल, अशी त्यांची शंका होती. मेसन ह्यांनी युद्धाची वाट अडथळ्यांची व शांततेची वाट सुगम असावी असे सांगून ‘डिक्लेअर’च्या बाजूने मत दिले. शेवटी रूफस किंग ह्यांनी एक भाषिक खुलासा केला. ‘मेक’ ह्या शब्दाचा अर्थ युद्ध ‘चालविणे’ असाही घेतला जाईल, आणि चालविणे हे तर कार्यकारी सत्तेचे काम आहे, असे त्यांनी दाखविले. त्या खुलाशानंतर एल्सवर्थ ह्यांनी आपला विरोध सोडला व कनेक्टिकटचे मत फिरले.

ह्या चर्चेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, बदलाचे कारण ‘मेक’ ह्या शब्दाची द्व्यर्थता हे होते. युद्ध आरंभणे आणि युद्ध चालविणे हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदत होते. त्यांपैकी दुसरा अर्थ काँग्रेसकडून काढून घ्यावयाचा होता. दुसरी, शर्मन ह्यांची शंका निराधार नव्हती. एका शब्दातील अधिक अर्थ टाळण्यासाठी जो दुसरा शब्द घेतला, त्यात उणा अर्थ वाचण्यास वाव राहिला. पुढील सर्व इतिहास जणू शर्मन ह्यांच्या त्या एका शंकेचा विस्तार आहे.

३

शंका प्रत्यक्षात उतरण्यास सहा वर्षेही लागली नाहीत. २२ एप्रिल १७९३ रोजी वॉशिंग्टन ह्यांनी फ्रान्स व ब्रिटन ह्यांच्या युद्धात अलिप्त राहण्याचे जाहीरपत्रक काढले. इतिहासात ते तटस्थतेचे जाहीरपत्रक म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याच्या संहितेत ‘तटस्थता’ हा शब्द नाही. तो कटाक्षाने टाळला होता. त्याच्या समर्थनार्थ हॅमिल्टन ह्यांनी ‘पॅसिफिकस’ ह्या नावाने लेख लिहिले आणि जेफरसन ह्यांच्या आग्रहावरून मॅडिसन ह्यांनी ‘हेल्विडियस’ ह्या नावाने त्यांचे खंडन केले.

हॅमिल्टन ह्यांचा युक्तिवाद पाठचिकित्सेचा आहे. काँग्रेसला ‘येथे दिलेले’ वैधानिक अधिकार मिळतात, असे पहिला अनुच्छेद म्हणतो. दुसरा अनुच्छेद मात्र राष्ट्राध्यक्षास कार्यकारी सत्ता देताना असे कोणतेही विशेषण लावीत नाही. ह्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की कार्यकारी सत्ता ही सामान्य देणगी आहे, युद्ध पुकारण्याचा काँग्रेसचा अधिकार हा तिचा अपवाद आहे, आणि अपवादाचा अर्थ संकुचितच करावयाचा असतो. मॅडिसन ह्यांचे उत्तर असे की युद्ध पुकारणे हे मुळातच कायदा करण्याच्या जातीचे काम आहे. त्याला कार्यकारी सत्तेचा अपवाद म्हणणे म्हणजे ब्रिटिश राजाच्या विशेषाधिकारांचा आराखडा प्रजासत्ताकावर बसविणे होय.

हॅमिल्टन ह्यांची सूक्ष्मता वाखाणण्याजोगी असली तरी तिच्यात एक दोष आहे. विशेषणाच्या अभावावरून त्यांनी सत्तेची व्याप्ती सिद्ध केली. पण अभाव हा एखाद्या अर्थाला जागा देतो, तो अर्थ सिद्ध करीत नाही. शिवाय त्यांनीच ‘फेडरलिस्ट’मधील एकोणसत्तराव्या लेखात राष्ट्राध्यक्षाचे सरसेनापतिपद म्हणजे पहिल्या सेनानीचे व नौसेनानीचे पद, त्याहून अधिक काही नव्हे, असे सांगून जनतेला आश्वस्त केले होते, आणि युद्ध पुकारण्याचा अधिकार हा राजा आणि राष्ट्राध्यक्ष ह्यांच्यातील ठळक भेद म्हणून दाखविला होता. जो भेद घटनेला मान्यता मिळविताना ठळक होता, तो सत्ता हाती आल्यावर अपवाद म्हणून आकुंचित व्हावा, हे चिंत्य आहे.

४

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा वाद पुन्हा शब्दार्थावर आला. जॉन यू ह्यांनी १९९६ साली असे प्रतिपादन केले की अठराव्या शतकात युद्ध ‘डिक्लेअर’ करणे म्हणजे युद्धाच्या अस्तित्वाची कायदेशीर नोंद करणे एवढेच. युद्ध सुरू करण्याचा अधिकार त्यात नाही. त्यांचा सर्वांत सबळ पुरावा घटनेच्या संहितेतीलच आहे. राज्यांनी काँग्रेसच्या संमतीवाचून युद्धात ‘एंगेज’ होऊ नये असे पहिल्या अनुच्छेदाचे दहावे कलम म्हणते. देशद्रोहाच्या व्याख्येत युद्ध ‘लेव्ही’ करणे असा प्रयोग आहे. आणि आठव्या कलमात ‘डिक्लेअर’ आहे. एकाच संहितेत तीन क्रियापदे असतील, तर त्यांचे अर्थही भिन्न असले पाहिजेत. उलट मायकेल रॅम्झी ह्यांनी २००२ साली असे दाखविले की त्या काळी युद्ध शब्दाने जसे ‘डिक्लेअर’ होई, तसे कृतीनेही होई. जॉन लॉकच्या शासनविषयक दुसऱ्या प्रबंधात युद्धस्थितीचे वर्णन करताना शब्द आणि कृती ही दोन्ही घोषणेची साधने मानली आहेत. तसे असेल तर काँग्रेसच्या संमतीवाचून केलेला हल्ला ही राष्ट्राध्यक्षाने कृतीने केलेली घोषणाच ठरते.

यू ह्यांचा पुरावा भेद सिद्ध करतो, पण कोणता भेद हे सिद्ध करीत नाही. ‘एंगेज’ हे राज्यांविषयी योजले आहे, कारण राज्यांना युद्ध चालविण्यासही मनाई करावयाची होती. काँग्रेसच्या बाबतीत युद्ध चालविणे हा अर्थ टाळावयाचाच होता, हे १७ ऑगस्टच्या चर्चेवरून स्पष्ट आहे. भेदाचे कारण तेवढ्याने पुरते कळते. शिवाय औपचारिक घोषणेची चाल अलीकडे बंद पडत चालली आहे असे ‘फेडरलिस्ट’च्या पंचविसाव्या लेखात हॅमिल्टन ह्यांनीच लिहिले होते. सप्तवार्षिक युद्धात अमेरिकेत दोन वर्षे लढाई चालल्यावर ब्रिटनने १७५६ मध्ये घोषणा केली, हे त्या पिढीच्या आठवणीत होते. घोषणा हा केवळ लयाला चाललेला उपचार होता, तर त्याची मालकी ठरविण्यासाठी मेसन, शर्मन आणि गेरी ह्यांनी एवढा वाद का घालावा? प्रेताच्या अंगावरील अलंकारांसाठी घटनापरिषद भरत नसते.

तथापि रॅम्झी ह्यांच्या बाजूनेही प्रश्न पूर्ण सुटत नाही. कृतीने घोषणा होते असे एकदा मानले म्हणजे कोणती कृती युद्धाच्या पदवीला पोचते, हे कोणी ठरवावयाचे हा प्रश्न उरतोच. येथे भारतीय मीमांसाशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. जे पूर्वी प्राप्त नव्हते त्याचे विधान करणारे वाक्य तो विधी. आणि जे अन्य प्रमाणाने आधीच ज्ञात आहे त्याचे पुनःकथन करणारे वाक्य तो अनुवाद. यज्ञ करावा हे विधिवाक्य. अग्नीने थंडी निवारते हे अनुवादवाक्य. युद्धाची घोषणा ही ह्यांपैकी काय आहे? तिच्यामुळे युद्ध उत्पन्न होते, की उत्पन्न झालेल्या युद्धाची ती फक्त वार्ता सांगते?

काँग्रेसने आजवर पाच युद्धांच्या संदर्भात अकरा घोषणा केल्या. त्यांतील शब्दरचना ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १८१२ सालच्या कायद्याने ब्रिटनशी युद्ध असल्याचे ‘ह्याद्वारे’ घोषित केले. हा शुद्ध विधी होय. १८४६ सालच्या कायद्याने मात्र मेक्सिकोच्या कृतीने युद्धस्थिती अस्तित्वात आली आहे असे म्हटले. हा उघड अनुवाद आहे. १८९८ साली २५ एप्रिलला काँग्रेसने स्पेनशी युद्ध २१ एप्रिलपासूनच चालू असल्याचे जाहीर केले. येथे अनुवादाने भूतकाळात हात घातला. १९१७ व १९४१ सालच्या ठरावांत आपल्यावर लादली गेलेली युद्धस्थिती औपचारिकपणे घोषित करण्यात येते, अशी मिश्र रचना आहे. विधीकडून अनुवादाकडे झालेला हा प्रवास यू ह्यांच्या पक्षास अनुकूल वाटेल. पण अनुवादाला आधी विधी लागतो. मग त्या विधीचा कर्ता कोण?

१८४६ चे उदाहरण ह्या प्रश्नाची किंमत दाखविते. पोक ह्यांच्या संदेशात कर्ता मेक्सिको होता. डिसेंबर १८४७ मध्ये इलिनॉयचे प्रतिनिधी अब्राहम लिंकन ह्यांनी ठराव मांडून विचारले की अमेरिकन रक्त जेथे सांडले, ती जागा नेमकी कोणती आणि ती कोणाच्या भूमीत होती. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर कर्त्याचा निर्णय करण्यासाठी त्यांनी अधिकरणाची चौकशी केली. ३ जानेवारी १८४८ रोजी प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी असे नमूद केले की हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी अनावश्यकपणे व घटनाबाह्य रीतीने सुरू केले. त्या सभागृहाने वाक्यातील कर्ता बदलला. पण तोवर युद्ध जवळजवळ संपले होते.

५

शब्दाचा अंमल कडक होता असाही एक काळ होऊन गेला. फ्रान्सशी अघोषित संघर्ष चालू असताना काँग्रेसने फेब्रुवारी १७९९ मध्ये फ्रेंच बंदरांकडे जाणारी अमेरिकन जहाजे पकडण्याची परवानगी दिली. अंमलबजावणीच्या आदेशात मात्र फ्रेंच बंदरांकडे जाणाऱ्या ‘किंवा तेथून येणाऱ्या’ जहाजांचा समावेश झाला. कॅप्टन लिटल ह्यांनी डिसेंबरमध्ये ‘फ्लाइंग फिश’ हे डॅनिश जहाज फ्रेंच बंदरातून येत असता पकडले. १८०४ साली सरन्यायाधीश मार्शल ह्यांनी निर्णय दिला की वरिष्ठांचा आदेश असला तरी तो कायद्याच्या शब्दापलीकडे गेला होता, म्हणून नुकसानभरपाई कॅप्टननेच द्यावी. ‘कडे’ आणि ‘हून’ ह्या दोन प्रत्ययांएवढे ते अंतर. पण न्यायालयाने ते अंतर मोजले आणि सरसेनापतीच्या आदेशाला तेथे थांबविले.

ह्याच्या उलट बाजू १८६३ साली दिसते. यादवी युद्धाच्या आरंभी लिंकन ह्यांनी केलेली बंदरांची नाकेबंदी ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरविताना न्यायमूर्ती ग्रिअर ह्यांनी म्हटले की युद्ध ज्या रूपात समोर येते त्या रूपात राष्ट्राध्यक्षाने त्याला तोंड दिले पाहिजे; काँग्रेस त्याचे बारसे करीपर्यंत त्याने थांबू नये. बंड पुढ्यात उभे असताना हे रास्तच होते. पण ‘बारसे’ ह्या रूपकाने नकळत एक मोठी वाट खुली केली. घटनाकारांच्या दृष्टीने नाव देणे हा निर्णयाचा भाग होता. येथे तो निर्णयानंतरचा संस्कार झाला.

त्या वाटेने विसावे शतक गेले. २९ जून १९५० रोजी पत्रकारपरिषदेत एका वार्ताहराने कोरियातील मोहिमेला संयुक्त राष्ट्रांच्या वतीने होणारी ‘पोलिसी कारवाई’ म्हणावे काय असे विचारले आणि ट्रूमन ह्यांनी होकार दिला. त्या कारवाईत तीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मृत्यू पावले. कोरियन मृतांची गणना लाखांत करावी लागते. २२ ऑक्टोबर १९६२ रोजी केनेडी ह्यांनी क्यूबाभोवती ‘क्वारंटाइन’ घातले, कारण ‘ब्लॉकेड’ हे आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धकृत्य ठरते. ह्या प्रसंगी शब्दाच्या निवडीने संघर्षास माघारीची जागा ठेवली, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. १९७० साली कंबोडियात शिरलेल्या सैन्याच्या हालचालीस ‘इन्कर्शन’ म्हटले गेले. त्याआधी ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिन आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, व सीनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला होता. १९६७ साली सीनेटच्या परराष्ट्रसंबंध समितीपुढे कॅट्झनबाख ह्यांनी युद्धघोषणा हा शब्दप्रयोग कालबाह्य झाला असून हा ठराव कार्यतः तिच्याच तोडीचा आहे, असे सांगितले. घटनेतील शब्द कालबाह्य ठरविण्याचा अधिकार घटनादुरुस्तीच्या मार्गानेच येतो. येथे तो साक्षीदाराच्या खुर्चीवरून वापरला गेला.

६

व्हिएतनामच्या अनुभवानंतर निक्सन ह्यांचा नकाराधिकार ओलांडून ७ नोव्हेंबर १९७३ रोजी युद्धाधिकारविषयक ठराव कायदा झाला. सैन्य ‘हॉस्टिलिटीज’मध्ये उतरल्यास अठ्ठेचाळीस तासांत अहवाल द्यावा, आणि काँग्रेसची संमती न मिळाल्यास साठ दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांत, सैन्य माघारी घ्यावे, असा त्याचा आशय आहे. ह्या कायद्याची समीक्षा बहुधा त्याच्या घटनात्मकतेवरून होते. त्याचा खरा दोष शब्दयोजनेत आहे.

प्रतिनिधिगृहाच्या समितीने ‘सशस्त्र संघर्ष’ हा शब्द काढून ‘हॉस्टिलिटीज’ हा शब्द घातला, तो अधिक व्यापक आहे म्हणून. पण कायद्यात त्याची व्याख्या दिली नाही. १९ मार्च २०११ रोजी लिबियावर हल्ले सुरू झाले. साठ दिवसांची मुदत उलटल्यावर, २८ जून रोजी, परराष्ट्रखात्याचे विधिसल्लागार हॅरल्ड को ह्यांनी सीनेटच्या समितीपुढे सांगितले की उद्दिष्ट मर्यादित, सैनिकांना धोका अल्प, चिघळण्याची शक्यता कमी आणि वापरलेली साधने मर्यादित असल्यामुळे ह्या कारवायांना ‘हॉस्टिलिटीज’ म्हणता येत नाही. व्यापकतेसाठी निवडलेला शब्द संकोचासाठी वापरला गेला. १७८७ साली शर्मन ह्यांनी ‘डिक्लेअर’विषयी जी भीती बोलून दाखविली, ती ‘हॉस्टिलिटीज’विषयी अक्षरशः खरी ठरली. विशेष हे की ह्याच विधिसल्लागारांनी प्राध्यापक असताना कार्यकारी सत्तेच्या अतिरेकावर कठोर टीका केली होती. ह्यात व्यक्तीचा दोष गौण आहे. व्याख्या करण्याचे काम जो पक्ष बांधला जावयाचा त्याच्याकडेच सोपविले, तर याहून निराळे घडणे कठीण.

अहवालांची भाषाही तशीच. राष्ट्राध्यक्ष अहवाल देतात, पण कायद्यास ‘अनुसरून’ नव्हे, तर कायद्याशी ‘सुसंगत राहून’. अनुसरण्यात आज्ञापालन आहे, सुसंगतीत योगायोगही चालतो. मे १९७५ मधील ‘मायाग्वेझ’ जहाजाच्या प्रसंगी फोर्ड ह्यांनी साठ दिवसांची घटिका चालू करणाऱ्या पोटकलमाचा निर्देश केला, तो ह्या रीतीला ठळक अपवाद होय. आणि तोही कारवाई उरकल्यावरचा.

१८ सप्टेंबर २००१ च्या ठरावाचे उदाहरण आणखी बोधप्रद आहे. तो ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांशी संबंधित राष्ट्रे, संघटना व व्यक्ती ह्यांच्याविरुद्ध बळ वापरण्याची अनुज्ञा देतो. ‘सहयोगी दले’ हा शब्दप्रयोग त्यात कोठेही नाही. आणि तरी पुढील दोन दशकांत अनेक देशांतील कारवायांचे समर्थन ह्याच अनुपस्थित शब्दांवर उभारले गेले. प्रतिनिधिगृहात त्या ठरावाविरुद्ध एकच मत पडले होते, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली ह्यांचे.

७

ह्यावरून असे दिसते की ‘डिक्लेअर’चा अठराव्या शतकातील अर्थ नेमका निश्चित झाला, तरी वाद मिटणार नाही. वाद शब्दाच्या अर्थाचा नसून नाव देण्याच्या अधिकाराचा आहे. हे मर्म डिसेंबर १९९० मध्ये एका संघीय न्यायाधीशाने अचूक ओळखले. आखाती युद्धापूर्वी काँग्रेसच्या काही सदस्यांनी केलेल्या दाव्यात न्यायाधीश ग्रीन ह्यांनी म्हटले की एखादी आक्रमक मोहीम युद्ध नव्हे, असे कार्यकारी सत्तेने एकटीने ठरवावयाचे असेल, तर काँग्रेसचा अधिकार तिच्या शब्दार्थनिर्णयाच्या कृपेवर राहील. पण काँग्रेसचे बहुमत स्वतः पुढे आले नाही म्हणून त्यांनी दावा अकाली ठरविला. निर्णयाचे दोन्ही भाग बरोबर आहेत आणि दुसरा भाग काँग्रेसला अधिक लागू पडतो.

कारण काँग्रेसला नाव देता येत नाही असे नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये लेबनॉनसंबंधी कायदा करून तिने त्या पोटकलमाचा अंमल २९ ऑगस्टपासून सुरू झाल्याचे स्वतःच ठरविले व अठरा महिन्यांची मुदत घातली. त्याहून स्पष्ट उदाहरण १९७३ च्या उन्हाळ्यातील आहे. १५ ऑगस्टनंतर कंबोडिया, लाओस व दोन्ही व्हिएतनाम ह्यांच्या भूमीत, त्यांच्यावरून अथवा त्यांच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून होणाऱ्या अमेरिकन लष्करी कारवायांसाठी पैसा खर्च करता येणार नाही, असा कायदा तिने केला. त्यात युद्ध ह्या शब्दाची चिकित्सा नव्हती. तारीख होती, देशांची नावे होती आणि विभक्तिप्रत्यय पूर्ण होते. त्या दिवशी कंबोडियावरील बाँबवर्षाव थांबला.

अकस्मात हल्ल्याच्या प्रसंगी सभागृहांची वाट पाहता येत नाही, हा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर १७८७ सालीच देऊन ठेवले आहे. परतविणे राष्ट्राध्यक्षाकडे, आरंभणे काँग्रेसकडे. अण्वस्त्रांच्या युगात पहिल्या कामाची निकड वाढली, म्हणून दुसरे काम पहिल्यात विलीन होत नाही. कोरिया, व्हिएतनाम, लिबिया ह्या कोठल्याही प्रसंगी विचारास वेळ नव्हता असे म्हणता येणार नाही. वेळ होता, उणीव होती ती नाव देण्याची जबाबदारी पत्करण्याची. काँग्रेसमधील अनेकांना यशात वाटा आणि अपयशात मोकळीक हवी असते, आणि अव्याख्यात शब्द ही दोन्ही पुरवितो.

शब्दाची संदिग्धता भाषेचा स्वभाव आहे. कोणतीही घटना तिच्यापासून मुक्त नाही. पण संदिग्धतेचा लाभ कोणास मिळावा, हे भाषा ठरवीत नाही, संस्था ठरवितात. मार्शल ह्यांच्या न्यायालयाने तो लाभ कायद्याच्या शब्दास दिला. पुढील काळाने तो बहुतांशी आज्ञा देणाऱ्यास दिला. जी सभा युद्धाला स्वतः नाव देत नाही, तिच्या वाट्याला दुसऱ्याने दिलेले नाव वाचणे एवढेच उरते, आणि मृतांची यादीही त्याच नावाखाली लिहिली जाते.